कढत पाण्याची अंघोळ

१२ मार्च

ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे. या खेपेला ते खरंही आहे.

गुंडीला खालचे दोन दात आले. ती आता पालथी पडते आणि मग कुणीतरी तिला पालथं पाडल्यासारखी ओरडते. नाक तुझं आहे, असं तुझी भावजय म्हणते. मी काही म्हणत नाही. नाकांवरून आपल्या घरात पुरेशी भांडणं झाली आहेत.

कारखान्यात मी भट्टीवरून घासकामाला आलो. ओल्या चाकावर काचेच्या कडा गुळगुळीत करायच्या, दिवसभर हातांवर पाणी. मिस्त्री म्हणाले, "बढती नाही, बदली आहे. उगाच मिरवू नकोस." मी मिरवतोय.

गेल्या वेळी तू रागावून गेलीस. तू गुंडीला माझ्यापुढे धरलंस आणि मी हात मागे घेतले. "मुलगी झाली म्हणून तोंड फिरवतोस काय रे?" असं तू दारात विचारलंस, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. मुलगीच हवी म्हणून मी किती बडबडायचो, ते तुला माहीत होतं. म्हणून तर तुला जास्त लागलं.

माझ्या हातांतलं बळ गळत होतं. ती अगदी नवी असताना मी तिला उचललं आणि बोटं सुटायला लागली. खाली गादी होती. ती जागीसुद्धा झाली नाही. मी मात्र पुन्हा तिला हात लावला नाही.

भट्टीवरही संध्याकाळकडे हात जड व्हायचे, पण ते सगळ्यांचेच होतात. पाळण्याजवळ गेलं की हातांच्या चिंध्या. मला वाटलं, ही भीती आहे. बाप व्हायला नालायक माणसाचं असंच होत असणार. हे कुणाला सांगणार?

त्यात सासूबाईंची शिस्त. काचेची धूळ घेऊन बाळाजवळ यायचं नाही. आधी कढत पाण्याने अंघोळ, मग पाळणा. मी मनापासून अंघोळ करायचो. आज तिला घ्यायचंच, हा निश्चय जितका पक्का, तितकं पाणी कढत.

मग गीझर बिघडला. गार पाणी अंगावर घेतलं, बोंब मारली, बाहेर आलो. तुझ्या भावजयीने बरणी पुढे केली. "हे झाकण उघड बघू." उघडलं. ती बरणीकडे नाही, माझ्या हातांकडे बघत राहिली. "उद्याही गारच घे," म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिने मुद्दाम शेगडीवर पाणी तापवून दिलं. त्या दिवशी कप फुटला. तिने मला दवाखान्यात नेलं. ती हुशार आहे. तू तसं कधी म्हणाली नाहीस.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसांवर तारेवर असतं तसं वेष्टन असतं. माझं जागोजागी झिजलंय. अंग तापलं की निरोप वाटेतच विरतो. निवलं की पोचतो.

मी विचारलं, "म्हणजे ही भीती नाही?"

"भीती मला तपासता येत नाही," त्या म्हणाल्या. "पकड आत्ता चांगली आहे."

आजार जाणार नाही, औषधं चालू राहतील, हेही त्यांनी सांगितलं. तुझ्यापासून लपवत नाही. पण ताई, मी रस्त्यावर आलो आणि हसत सुटलो. तुझी भावजय म्हणाली, "लोक बघताहेत." मग तिलाही आवरेना.

बाळ म्हणजे लहानशी भट्टीच असते. छातीशी धरलं की आपल्याला तापवतं. म्हणून मी खुर्चीत, पाय गार पाण्याच्या बादलीत, मांडीवर गुंडी. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, पालेभाजीच्या जुडीसारखे दिसता." पहिल्या दिवशी गुंडीने माझ्याकडे पुष्कळ वेळ बघितलं. काही ठरवत असावी. मग माझ्या शर्टाचं बटण तोंडात घातलं.

तू ये. राग उरला असेल तर तो घेऊन ये. पण गुंडी मागितलीस की लगेच मिळेल, असं समजू नकोस. तिच्या आईलासुद्धा तिला माझ्याकडून सोडवून घ्यावं लागतं. आत्या म्हणून सूट नाही.

आता थांबतो. कागद सरकतोय आणि तो धरायला कुणी नाही.

लिहायला एकच हात मोकळा असलेला,
तुझा धाकटा