फ्रीजमधली बाटली

दादा,

खुशाली विचारत नाही, वहिनीने फोनवर सगळी सांगितली. गुडघ्यात पुन्हा रक्त उतरून त्याचा भोपळा झालाय आणि रक्त थांबवायच्या औषधाची बाटली फ्रीजमध्ये तशीच. का, तर म्हणे "अडीअडचणीला असू दे." अरे, मग ही अडचण नाही तर काय सोहळा आहे?

आमच्या औषधाच्या कारखान्यात लोकांनी दिलेल्या रक्तातलं पिवळं पाणी दगडासारखं गोठून येतं. ते थंड खोलीतच हळूहळू वितळू द्यायचं. घाईने ऊब दिली तर तळाशी राहणारा पांढरा गाळ विरघळून जातो, आणि तुझं औषध त्या गाळातूनच निघतं. माझ्यासारखी उतावळी बाई तिथे बोटं बधिर होईस्तोवर गप्प उभी राहते. थांबायचं ते सगळं आमचं थांबून झालंय. आता तू कशाला थांबतोस? रक्त आत साचून सांधा कायमचा गेला, तर त्या बाटलीचं काय लोणचं घालणार आहेस?

हे पत्र टाकत नाही. वाचून हसशील आणि वहिनीला म्हणशील, "बघ, शाळा बुडवणारी मला धडे देतेय." त्यापेक्षा पहिली गाडी पकडते. नर्सबाईंना घेऊनच दारात येईन.

बाही वर करून बस.

तुझी धाकटी