चष्म्याचा स्क्रू

प्रिय सूनबाई,

तू भावाकडे नीट पोचलीस, ठकीने मामाच्या घरी पहिल्याच दिवशी कपबशी फोडली, हे सगळं फोनवर कळलं. इथे मी मजेत आहे. गोळ्या घेतो, आठवणीने गॅस बंद करतो, तुझ्या कुंड्यांना पाणी घालतो. आता तू म्हणशील, मग पत्र कशाला? तर फोनवर तुझ्याशी कामाचं काही बोलता येत नाही म्हणून. मी तोंड उघडलं की तू विचारतेस, बाबा, जेवलात का? आणि झालं, विषय गेला उडत. कागदाला तुला असं मध्येच थांबवता येणार नाही.

बातमी तू ऐकलीच असशील. ज्याला नको असेल त्या कामगाराला आता सरकारी पेन्शनमधून बाहेर पडता येणार म्हणे. पगारातून कपात नाही, आणि म्हातारपणी काही मागायचंही नाही. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात दोन दिवस नुसता कल्ला चाललाय. आमचा इशारेवाला तर पेटलाच आहे. बंदरात मी वर क्रेनच्या केबिनमध्ये असायचो आणि तो खाली उभा राहून हात दाखवायचा, तेव्हापासूनची आमची दोस्ती. आता तो ठार बहिरा झालाय, पण आमचं काही अडत नाही, आम्ही जन्मभर हातांनीच बोललो. त्याचं म्हणणं, कुणालाही सोडू नका, पोरं आज पैसे उडवतील आणि उद्या दुसऱ्याच्या दारात उभी राहतील. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण माझं मत त्यांना पाठ आहे. मी मात्र गप्प. इशारेवाल्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप बीप आलाय का म्हणून!

तुला आठवतं ना, याच गोष्टीवरून आपल्या घरात केवढं रण माजायचं? तुझ्या नवऱ्याला स्वतःचं वेल्डिंगचं दुकान टाकायचं होतं, आणि दर महिन्याची कपात बघून त्याचं डोकं फिरायचं. ‘माझी कमाई, माझा निर्णय’ असा फलक घेऊन तो मोर्चात गेला आणि घरी आल्यावर तोच फलक त्याने बाल्कनीत टांगला, बरोबर माझ्या खुर्चीसमोर. बापाला डिवचायची एक संधी सोडेल तर शपथ! मग मी त्याला क्रेनचं सांगायचो. झेपेल त्याहून जास्त ओझं लावलं की भोंगा वाजतो आणि क्रेन ते उचलत नाही. चालवणाऱ्याला कितीही घाई असो, भोंगा बंद करायचं बटण केबिनमध्ये ठेवतच नाहीत. त्या भोंग्याला मी काय कमी शिव्या दिल्यात? पण धडधाकट घरी आलो तो त्याच्यामुळेच. पेन्शनही तशीच हवी, बटण नसलेली. यावर तो म्हणायचा, बाबा, माणूस म्हणजे काय क्रेन आहे? आणि तू आमच्या पुढ्यात ताटं आपटायचीस, की दोघांची बोलती बंद.

मग तो गेला. चार दिवस ताप काय येतो आणि सगळं संपतं काय. माझं हातातोंडाशी आलेलं पोर. त्याला बाहेर पडू दिलं नव्हतं, म्हणून तर तुझ्या नावाने पेन्शन सुरू झाली. घराचं भाडं त्यातून, ठकीची शाळा त्यातून, माझ्या गोळ्यासुद्धा त्यातूनच. म्हणजे वाद मी जिंकलो, सूनबाई. असलं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. तो फलक अजून माझ्या पलंगामागे आहे. झाडताना तू तो बाजूला करतेस, पुसून परत ठेवतेस, आणि आपण दोघंही त्यावर काही बोलत नाही.

आता चष्मेवाल्याचं. दचकू नकोस. माणूस मला आवडतो. त्याचं दुकान टीचभर, कमाई बेताची, पण ठकीच्या बाहुलीला त्याने तारेचा चष्मा करून दिला तेव्हा पोरीच्या नाकाचं माप घ्यावं तसं बाहुलीच्या नाकाचं माप घेतलं. माझ्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला की मला दुकानात बोलावत नाही, स्वतः घरी येतो. दोन मिनिटांच्या कामाला तास लावतो, आणि त्या तासाभरात तू हसतेस. मुलगा गेल्यापासून या घरात मी ते हसणं ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटतं गं.

तू निघालीस त्याच्या आदल्या दिवशी जिन्यात त्याला नाही म्हणालीस. बहिरा इशारेवाला आहे, मी नव्हे. लग्न केलं की पेन्शन बंद होईल, मग बाबांचं काय, असं तू म्हणालीस. तो बिचारा म्हणाला, बाबा आपल्याकडेच राहतील. तरी तू हटली नाहीस. तुमच्या एवढ्याशा कमाईवर माझ्या सासऱ्याचं ओझं टाकणार नाही, म्हणालीस. तू मायेनेच म्हणालीस, मला कळतं. पण मी दाराआड तसाच उभा राहिलो. ज्या पेन्शनने तुला पडू दिलं नाही, तीच आता तुला जागची हलू देत नव्हती. भोंगा वाजत होता आणि बटण नव्हतं. तुझा नवरा असता तर म्हणाला असता, बोला बाबा, आता बोला! चहाच्या दुकानात मी गप्प बसलो तो त्यामुळे.

तर पत्राचं कारण एवढंच. बाकीच्यांना सोडावं की नाही, ते सरकारने बघावं; मला विचारशील तर अजूनही सोडू नये. पण तू बाहेर पड. ती पेन्शन जाऊ दे आणि लग्न कर. माझी स्वतःची थोडकी पेन्शन आहे, घरभाडं नसलं की गोळ्यांसकट एका म्हाताऱ्याला ती पुरते. इशारेवाल्याकडे एक खोली रिकामी आहे, तो कधीचा मागे लागलाय, मी काल त्याला हो म्हणून हात दाखवला. तुला माझी काळजी करायचीच असेल तर सुट्टीच्या दिवशी आम्हा दोघांना जेवायला बोलावत जा, फक्त तो फार खातो हे लक्षात ठेव. आणि हो, चष्मेवाल्याला कच्चा कारागीर समजू नकोस. इतक्या वेळा स्क्रू आपोआप ढिला होतो होय? सुरीच्या टोकाने मीच तो ढिला करत होतो. तू शनिवारी येतेस ना? शनिवारी संध्याकाळी तो पुन्हा ढिला होणार आहे, तसा निरोप मी दुकानात देऊन ठेवलाय. बेल वाजली की दार तू उघड.

तुझाच,
बाबा