आहेर पळवू नये

मी मल्लिकार्जुन गुरुलिंग बिराजदार, वय अडुसष्ट, धंदा पूर्वी लग्नाच्या शूटिंगचा, सध्या जुन्या व्हिडिओ कॅसेट घरच्या कॉम्प्युटरवर उतरवण्याचा, राहणार सास्तूर, ता. लोहारा, जि. धाराशिव, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं शाबूत आहे. हृदयाची तेवढी हमी नाही, त्यासाठीच पुढच्या आठवड्यात सोलापूरला ऑपरेशन आहे.

१. पुनर्वसनात मिळालेलं राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नी शिवगंगा हिला, तिच्यानंतर मुलगी निकिता हिला. शिवगंगेनं माझ्या कॅसेटींना कायम भंगार म्हटलं आणि घरात ठेवू दिलं नाही, म्हणून त्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिल्या. त्र्याण्णवच्या भूकंपात घर बसलं, शेड उभं राहिलं. कॅसेटी वाचल्या त्या तिच्या रागामुळं. तोंडावर हे म्हणण्याची माझी छाती नाही, म्हणून इथं लिहितो.

२. कॅमेरा आणि हॅलोजन निकिताला. कॅमेऱ्याची तिवई ईट गावच्या एका लग्नात पाहुण्यांनी नेली ती नेलीच. ज्यानं नेली त्याला लखलाभ.

३. कॉम्प्युटर, व्हीसीआर आणि हार्ड डिस्क निकिताला. अट एकच, कोणत्याही लग्नातला आहेर कापू नये. माझा धाकटा भाऊ योगीराज सारखा म्हणतो, "दादा, आहेर कापा की. लोक त्ये पळवूनच बघत्यात." पळवतात, खरं आहे. पण मंगलाष्टकांना सगळे नवरा-नवरीकडं बघतात, आणि आहेराला माइकवर नाव पुकारलं की माणूस टोपी सारखी करून कॅमेऱ्याकडं बघतो. भूकंपात गेलेली आमची कितीतरी माणसं आता तेवढ्यातच दिसतात. त्यांचे घरचे फोटो ढिगाऱ्याखालीच राहिले.

४. गावातल्या बिराप्पाच्या लग्नाची कॅसेट भूकंपाआधीच्या उन्हाळ्यातली. बुरशी लागली होती. स्पिरिटनं पुसली, दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवली, पण फीत इतकी जीर्ण की फिरली तर एकदाच फिरेल. लावायला माझं धाडस होत नाही. शेजारच्या कस्तुराबाईंचे पती कोंडीराम आणि लेक दीपमाला भूकंपात गेले. लेकीचा एकही फोटो त्यांच्याजवळ नाही. त्या लग्नात कोंडीरामनं आहेर दिला आणि दीपमाला त्याच्यामागं होती, असं त्या सांगतात. माइकवर घरच्या कर्त्याचं नाव येतं, पोरींचं येत नाही. त्या घोळक्यातली दीपमाला कोणती, हे आता तिच्या आईलाच ओळखू येईल. म्हणून माझ्या माघारी योगीराजनं ही कॅसेट कस्तुराबाईंना समोर बसवूनच लावावी.

५. योगीराजला काही नाही. ज्याला काही मिळणार त्यानं साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणाले, आणि हा तर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून साक्ष द्यायला सकाळपासून हजर आहे.

पुरवणी. सह्यांआधी वरील मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. कस्तुराबाई उंबऱ्यात बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "भावजी, तुमी मेल्यावर कशाला? आत्ताच लावा की. तुटली तर दोघं मिळून रडू."

लावली. बराच वेळ नुसत्या रेघा दिसल्या. मग माइकवर कोंडीरामचं नाव आलं आणि फेटा सारखा करत तो पुढं आला. मागं तीन पोरी होत्या. कस्तुराबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही. फ्रॉक बगलंत उसवला व्हता. म्या म्हणले, हात दाबून धर, कुणाला दिसायचं न्हाय." पोर खरंच एक हात अंगाशी दाबून उभी होती आणि कॅमेऱ्याकडं बघून हसत होती.

पुढं थोड्याच वेळात फीत तुटली. तोवरचं सगळं कॉम्प्युटरवर उतरलं होतं. फाइलला मी बिराप्पाचं नाव देणार होतो. योगीराजनं मला बाजूला सारून, एकेक अक्षर शोधत टाइप केलं, 'दीपमाला कोंडीराम सूर्यवंशी'.

सबब कलम चार रद्द. या मृत्युपत्रातून कस्तुराबाईंना आता काही मिळायचं उरलं नाही, म्हणून दुसऱ्या साक्षीदार त्याच.

ठिकाण : सास्तूर
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : मल्लिकार्जुन गुरुलिंग बिराजदार (सही)

साक्षीदार :
१. योगीराज गुरुलिंग बिराजदार (सही)
२. कस्तुराबाई कोंडीराम सूर्यवंशी, दीपमालाची आई (डाव्या हाताचा अंगठा)