साठ डब्यांची गाडी

२० फेब्रुवारी २०२०

आज परत उशीर! हे स्कूटरवरून पडले. डबे रस्त्यावर, आमटी रस्त्यावर आणि हे पण रस्त्यावर. कंबर धरून घरी आले तर मी आधी काय विचारावं — "किती डबे वाचले?" नवऱ्याची कंबर राहिली बाजूला! नंतर लई लाज वाटली.

होस्टेलच्या वॉर्डनबाईंचा फोन आलाच. "महानंदाताई, पोरी उपाशी क्लासला गेल्या. अजून एकदा असं झालं तर एक एप्रिलपासून दुसरी मेस बघते." साठ डबे तिथलेच. ते गेले तर माझी मेस राहते कुठं?

२१ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, स्कूटर बंद. रिक्षावाला लहर आली तर येतो.

गाडीच घ्यायची. छोटी. लायसन आहे माझं — काढलं तेव्हा सगळी गल्ली हसली होती.

भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची. किल्लारीत पत्र्याच्या शेडसमोर ताट घेऊन लायनीत उभं राहायचं आणि जेवणाचा टेम्पो यायचाच नाही. पोरींना ताटकळत ठेवणं मला सहनच होत नाही.

२५ फेब्रुवारी

भांडण. ह्यांना मागं डिकीवाली लांब गाडी पाहिजे. "टीचभर गाडी घेतली तर सोयरे काय म्हणतील?" मी म्हटलं, सोयरे येणार हायत का डबे पोचवायला?

दिवसभर अबोला. जेवले मात्र दोनदा वाढून घेऊन.

१ मार्च

गॅरेजवाले शारिकभाई म्हणाले होते, "भाभी, ॲव्हरेज कागदावरचं बघू नका. आपला माल घालून फिरवा, मग बोला." मग काय! साठ डबे आमटीनं भरले, त्यांच्या टेम्पोत घातले आणि थेट शोरूम. सेल्समन पोरगा बघतच राहिला. "मॅडम, हे... गाडीत?" "मग काय डोक्यावर घेऊ?"

ह्यांची लांबडी पहिली. डिकी खोल, पण तोंड एवढंसं — डब्यांचा क्रेट आत जाईना. हे दुसरीकडंच बघून राहिले. सगळ्यात स्वस्त होती ती दुसरी. ॲव्हरेज चांगलं, पण वीस डबे बाहेरच. तिसरी उंच, चौकोनी, दिसायला अगदीच कपाट. मागची सीट पाडली तर साठ बसले! मी चालवायला, सेल्समन बाजूला, सांडेल म्हणून मांडीवर एक क्रेट घेऊन. गतिरोधकावर त्याची पँट आमटीनं भरली. बाकीचे डबे जागचे हलले नाहीत. मला हसू आवरेना, आणि ह्यांना पण!

हीच घ्यायची.

४ मार्च

भिशी, बँक, सगळं लावलं. टोकन दिलं. सेल्समन म्हणतो, एप्रिलपासून गाड्यांचा नवा नियम, म्हणून जुन्या स्टॉकवर सूट. पण पासिंग मार्चमध्येच झालं पाहिजे. रंग? "असेल तो घ्या मॅडम, चीनमध्ये कसली साथ आलीय, पुढची गाडी कधी येईल सांगता येत नाही." पांढरी तर पांढरी. रंगाचं कुणाला पडलंय! डबा वेळेवर पाहिजे.

७ मार्च

रिक्षा आलीच नाही. शारिकभाईंनी गिऱ्हाईक सोडून टेम्पो काढला. घंटा व्हायच्या आत पोचलो, पण वॉर्डनबाई फाटकातच उभ्या.

अजून फोन नाही शोरूमचा.

११ मार्च

फोन नाही.

१२ मार्च

मीच केला. "पासिंगला गर्दी आहे मॅडम." ह्यांना म्हटलं, टोकन बुडालं तर? "तू नको घाबरू," म्हणाले. स्वतः मात्र सारखे मोबाईलकडं बघून राहिले.

१४ मार्च

आली!! हार घातला, नारळ फोडला. हे पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "कंबरेला बरी आहे." म्हणजे आवडली.

१६ मार्च

दोन्ही वेळा वेळेच्या आधी. मुखेडची तनुजा, बारक्या चणीची, कधी नीट जेवत नाही ती, झाकण उघडून ओरडली, "काकू, वाफ येतीय!" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. वॉर्डनबाई स्वतः गाडीपाशी आल्या. "एप्रिलपासून क्रॅश कोर्सच्या पोरी वाढतात. नव्वद डबे होतील ना?" होतील म्हणजे काय! दोन फेऱ्या मारीन.

हे फाटकावरच्या वॉचमनला सांगून राहिले होते, "आमच्या हिनंच पसंत केली."

१८ मार्च

क्लास बंद. होस्टेल रिकामं करा म्हणून सांगितलं. वडील, मामा, भाऊ येऊन पोरी घेऊन गेले. तनुजा पण गेली. वॉर्डनबाईंनी तोंडाला रुमाल बांधून फाटकाला कुलूप लावलं. किती दिवस, म्हटलं. "कुणालाच माहीत नाही."

संध्याकाळी ह्यांनी पिशवी घेतली आणि रोजच्यासारखं विचारलं, "उद्याला भाजी किती आणू?"