कलमांच्या वर्गातली जागा

शुक्रवार, २० तारीख

छोटे,

अनेक आशीर्वाद. माझा खोकला गेला. आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. आता पुढचं नीट वाच, कारण काल मी रागाने फोन आपटला आणि बोलणं अर्धंच राहिलं.

महिनाभर तू माझं डोकं खाल्लंस. 'दादा, अळिंबीचा वर्ग घेऊ की मधमाश्यांचा? की यंत्रदुरुस्तीचा?' मी तीन माहितीपत्रकं मिळवली, शिकवणाऱ्यांना गाठलं, रेघा मारून सगळं पाठवलं. आणि तू निवडलास कलमांचा वर्ग! बरं बाई, तुझंच खरं. बांधावरच्या सहा झाडांवर कुणी न शिकवता कलमं बांधलीस, त्यातली पाच जगली.

पण अर्जावर नाव माझं? निवडीचं पत्र माझ्या नावाने इथे माझ्याकडे आलं, मला कलमं बांधायला बोलावलंय. मला! पेन्सिलीला टोक करताना बोट कापून घेणाऱ्याला!

वर तू म्हणतेस, "शेताच्या सगळ्या कागदांवर तुझंच नाव घालतो ना आपण? सवयीने लिहून गेले." कपाळावर हात मारून घेतला मी.

आज वर्ग घेणाऱ्यांच्या कचेरीत गेलो. कारकून म्हणाले, "तुम्ही शेती करत नाही, बहीण करते, एवढं लिहून द्या. नाव बदलतो. पण आजच. नाहीतर जागा गेली, पुढचा वर्ग दोन वर्षांनी."

एक ओळ. मला पाऊण तास लागला. तेवढ्यात ते दोनदा चहा पिऊन आले.

खरं सांगू? पत्र उघडलं तेव्हा राग नंतर आला, आधी बरं वाटलं. अजून आपल्याला कुणीतरी शेतकरी म्हणतंय, असं वाटलं. आठ वर्षं आईला सांगतोय, पुढच्या वर्षी येतो. तुम्ही दोघी कागदावर माझं नाव सांभाळत बसलात आणि मी इथे दुकानात कापड मोजतोय. मी येणार नाही, छोटे. मला यायचंच नाही. तुला हे कधीच कळलंय, तरी एका शब्दाने बोलली नाहीस, त्याचाही राग येतो. आईला मी स्वतः सांगेन. तू मध्ये पडू नकोस.

ओळ लिहिली, सही केली. एक तारखेला सकाळी आठला वर्गात हजर राहा, चाकूला धार लावून ने. आणि यापुढे शेताच्या कागदावर माझं नाव दिसलं तर याद राख!

शेती न करणारा,
तुझा दादा