बोल्ट का मिटेना

मेंढवाड्यावरून, मोंटाना
ऑक्टोबर, बर्फ पडून वितळलं तो आठवडा

चि. सेल्मर यास थोरल्या बहिणीचा भरपूर आशीर्वाद, आणि उरेल तो भावजयीला, बर्नडीनला. तुझा गुडघा कसा आहे? बर्नडीन फोनवर म्हणाली की डॉक्टरने नवा बसवलाय. नवा गुडघा आणि जुनं डोकं घेऊन तू शिकारीच्या कॅम्पला डोंगर चढणार हे ऐकून बरं वाटलं. इकडे सगळे ठीक. कोकरं विकून झाली, आणि मला हल्ली दम लागतो असं गावभर झालंय. मला दम लागत नाही. मी बोलताना मधे थांबते, कारण समोरच्याला समजायला वेळ लागतो.

पुढच्या शनिवारी एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो, आणि माझं यंदा जायचं की नाही ते काडतुसांवर येऊन ठेपलं होतं. तुला माहीत आहे, मी दुकानातली काडतुसं घेत नाही, झाडलेल्या पुंगळ्या गोळा करून पुन्हा भरते. आणि पुंगळी सगळी दाबून लहान करायची हे लोकांचे चोचले मला जमत नाहीत. बाबांनी शिकवलं तसं करते. पुंगळी झाडली की फुगते आणि त्या रायफलीच्या पोटाचा आकार घेते. मग मेजावरच्या यंत्रात साचा लावून तिची नुसती मान दाबायची, म्हणजे नवी गोळी तिथे घट्ट धरते, आणि बाकीचं अंग त्या रायफलीत बोटात जुनी अंगठी जावी तसं जातं. (शाळा मी चौथीत सोडली, पण एवढं समजायला पाचवी लागत नाही.) तर यंदा मी पहिली पुंगळी दाबली आणि भरण्याआधी रिकामीच रायफलीत घालून पाहिली. पुंगळी आत ढकलून मागचं तोंड बंद करणारा बोल्ट अर्ध्यावर अडला. दुसरी घातली, तीही तशीच. सगळ्या पुंगळ्या पाहिल्या. एकाही पुंगळीवर बोल्ट मिटेना, जणू कुणी आत पाय देऊन बसलंय.

मी मोठ्याने काहीतरी बोलले असणार, कारण ड्वाइट आला. (माझा जावई. टायर विकतो, आणि जगातली बाकी सगळी विद्या रात्री फोनवर बघून शिकतो.) त्याने पुंगळी उजेडात धरली, डॉक्टर करतात तसा घशातून आवाज काढला आणि म्हणाला की आई, अख्खी पुंगळी दाबायला हवी, माझा साचा आणतो. आणला. मी पुंगळ्यांना आपल्याच मेंढ्यांच्या लोकरीची चरबी लावते, साच्यातून सरकायला, बोटाला लागेल एवढीच. त्याने ती पावाला लोणी लावावं तशी थापली. पुंगळी बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्याला पोचे पडले होते, कारण एवढी चरबी साच्यात जाणार कुठे? असली पुंगळी मी रायफलीच्या जवळसुद्धा नेली नाही. मग याने दुसरं टोक गाठलं. पुढची पुंगळी शर्टाला पुसून कोरडी केली आणि साच्यात घातली. ती आत गेली आणि तिथेच राहायला लागली.

आता अडकलेल्या पुंगळीला माणूस शांतपणे बघतो, विचार करतो. ड्वाइटने यंत्राचा दांडा दोन्ही हातांनी धरला, एक पाय भिंतीला लावला आणि ओढलं. पुंगळीची कड फाटून हातात आली, आणि तिच्यामागून माझं मेज भिंतीतून सुटलं, मेजामागून वरची फळी, फळीवरून बीटच्या लोणच्याच्या बरण्या. तेवढ्यात जनेल आली. तिला नवरा जमिनीवर बसलेला दिसला, चारी बाजूंनी लाल. ती जी किंचाळली, त्याने मेंढ्या कुंपणापर्यंत पळाल्या. तो बीट आहे हे कळल्यावर तिला आनंद व्हायला हवा होता. उलट ती माझ्यावरच घसरली. माझी मुलगी आहे हे मला अधूनमधून स्वतःलाच बजावावं लागतं.

"आई, तुझे हात थरथरतात," ती म्हणाली. "तुझ्याकडून आता नीट होत नाही. रविवारपर्यंत काडतुसं बसली तर ठीक, नाहीतर हे यंत्र चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीला जाईल आणि तू कॅम्पवर बटाटे सोलशील."

"थरथरत्या हातात सुरी देणार तू मला?" मी विचारलं. पण सेल्मर, ती खोली सोडून गेल्यावर मी हात पुढे धरून पाहिले. थोडे हलत होते. बीटचा वास होता म्हणून असेल.

लादी पुसायला घेतली तर मेजाखाली कॉफीचा डबा उपडा झालेला. कॅम्पवर सगळ्यांच्या पायांखालून वेचलेल्या पुंगळ्या मी त्यात टाकते. त्यात मागच्या वर्षीच्या तुझ्याही होत्या. लगेच ओळखू येतात, कारण साधं पितळ तुला चालत नाही, तुला चांदीसारखी चकचकीत लागतात. मी त्यातली एक, न दाबलेली, चरबी न लावलेली, नुसती बीट पुसून माझ्या रायफलीत घातली. बोल्ट असा मिटला, जणू लोण्यातून सुरी. दुसरी घातली, तीही गेली. मी खुर्चीवर बसले आणि तोंड उघडणार, तेवढ्यात ड्वाइट म्हणाला, "आई, ही रायफल तुमची नाहीच. सेल्मरमामांची आहे." (आयुष्यात एकदा बरोबर बोलला, तेही माझ्या आधी अर्धा श्वास.)

बाबांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी, एकाच रंगाच्या दोन रायफली घेतल्या, त्याचं हे फळ. मागच्या वर्षी बर्फात घाईघाईने कॅम्प आवरताना त्या बदलल्या. तुझ्याकडे वर्षभर माझी आहे आणि तुला पत्ता नाही, कारण दुकानातली काडतुसं त्या मापाच्या कुठल्याही रायफलीत जातात. माझ्या पुंगळ्या मात्र आपलं घर ओळखतात. मग मी तुझ्याच चांदीच्या पुंगळ्यांच्या माना दाबल्या, स्वतःच्या हाताने भरल्या आणि जनेलसमोर एकेक बसवून दाखवली. तिने हातोडा आणून माझ्या हातात दिला. तिच्या बाबतीत ही माफीच. मेज यंत्रासकट भिंतीला परत ठोकलंय.

तब्येतीला जप. गुडघ्यावर जास्त विश्वास ठेवू नकोस.

तुझी बहीण,
आर्डिस

ता. क. कॅम्पला येताना माझी रायफल आण. आणि ड्वाइटच्या साच्यातला तुकडा काढायचं तुझं ते अवजारही आण. तो ड्रिल घेऊन हिंडतोय, म्हणून मी ड्रिल पिठाच्या डब्यात ठेवलंय.

दुसरा ता. क. हे पत्र खरं तर यासाठीच. रायफली तू बदलल्यास असं मी जनेलला सांगितलंय. तिचा फोन आला तर हो म्हण. गाडीत कुणी ठेवल्या ते मला आठवत नाही, तुलाही आठवत नसणार. पण माझं न आठवणं तिच्या कानावर गेलं तर यंत्र पुन्हा भिंतीवरून उतरेल. तुझं कुणी काही मनावर घेत नाही, तेव्हा दोष तू घे.

तिसरा ता. क. काल तुझ्या रायफलीने डब्यावर नेम धरून पाहिला. ती डावीकडे मारते. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की डावीकडे तू मारतोस. ड्वाइट म्हणतो, ती नीट करून देतो. मी नको म्हटलं. तुला सवय झाली आहे, आणि मलाही.