निमिष, कॉम्प्युटर पुसू नकोस

निमिष,

माझ्या लग्नाची पत्रिका घरच्या कॉम्प्युटरवर तयार केलीस, त्यात फायदा तुझाच होता. सांगलीची माझी सासरची मंडळी "पोरगा हुशार हं!" म्हणणार होती. पण काल तात्यांनी तिथल्या छापखान्यात फ्लॉपी दिली, तर श्रीगणेशाच्या जागी डॉलर आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा निघाला.

तो व्हायरस नाही, तेव्हा रागाच्या भरात सगळं पुसू नकोस. टायपिंगच्या बाई म्हणाल्या, "अगं, मजकूर ठीक आहे. तुमचा मराठी फॉन्ट त्यांच्या मशीनवर नाही." म्हणून फॉन्टची फाइल फ्लॉपीवर घेऊन मीच सकाळच्या एसटीने निघाले. आज छापलं नाही, तर उद्या मुहूर्तावर गणपतीपुढे पहिली पत्रिका ठेवता येणार नाही.

मामीकडे आज माझं केळवण आहे. माझ्या पाटावर तू बस आणि पोटभर जेव, म्हणजे ती रुसणार नाही.

तात्या तुला एका शब्दानं बोलले नाहीत ना? छापखान्यात व्याह्यांसमोर त्यांनी सांगितलं, "फ्लॉपी मीच उन्हात ठेवली हो." त्यांना चहा करून दे.

एकूण हिशेब असा: पुरणपोळी तुला, एसटीचे धक्के मला आणि नाचक्की तात्यांना.

ज्ञानूताई